साईटवरची माती ओढ्यात चालली आहे, पावसाळ्याआधी काय करू?

चढउतार:
नमस्कार मंडळी. एका व्यापारी प्रकल्पाची साईट मी सांभाळते. साधारण ४ हेक्टर जागा, तीन गोदामं, पुढे दुकानांची रांग, बाकी सगळं पार्किंग. वरच्या अंगाला माळरान, खालच्या कडेला छोटा ओढा. सपाटीकरण जवळजवळ उरकलं आहे, म्हणजे आख्खी जागा उघडी पडली आहे.

गेल्या आठवड्यात अवकाळी सर आली, जेमतेम चाळीस मिनिटांची. मी छत्री घेऊन खालच्या कोपऱ्यात उभी होते. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग भरावाच्या उतारावर बोटाएवढ्या रेघा उमटल्या, बघता बघता त्या मनगटाएवढ्या झाल्या, आणि पाऊस थांबला तेव्हा एका घळीत माझा पाय गुडघ्यापर्यंत जात होता. ओढा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाल. खालचे एक शेतकरी आले. ओरडले नाहीत, नुसती पंपाची गाळाने लिंपलेली जाळी माझ्यासमोर धरली. मला रात्रभर झोप आली नाही.

कडेने गाळ अडवायचं कापड लावलं होतं, ते आडवं झालं. ठेकेदार म्हणतो, पार्किंगचं डांबर पडलं की सगळं आपोआप थांबेल. डिझाइनमध्ये खालच्या कोपऱ्यात तळं आहे, पण ते कामाच्या शेवटी खणायचं आहे. पावसाळ्याला तीन आठवडे उरलेत. एवढ्या वेळात काय करू? आणि ठेकेदार म्हणतो ते बरोबर आहे का?

मुरूममाती:
तळं आधी. शेवटी खणायचं ते उद्याच खणायला घ्या. बाकीचं सविस्तर रात्री लिहितो.

ठोकताळा:
ठेकेदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. डांबर पडलं की तुमच्या जागेतली माती वाहायची थांबेल. पाणी मात्र थांबणार नाही, उलट वाढेल.

हिशोब करून बघा. क्षेत्र हेक्टरमध्ये घ्या, पावसाचा जोर ताशी मिलिमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला जमिनीच्या प्रकाराप्रमाणे ठरणाऱ्या गुणांकाने गुणा आणि ३६० ने भागा. येणारा आकडा सेकंदाला घनमीटर. तुमचे ४ हेक्टर आणि ताशी ६० मिमी पाऊस धरू. गवताळ माळ होता तेव्हाचा गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला २०० लिटर. छपरं आणि डांबर झालं की गुणांक ०.८५, म्हणजे जवळपास ५७० लिटर. तिपटीच्या आसपास, आणि गुळगुळीत पृष्ठभागामुळे पूर लवकरही चढतो. ओढ्याचं पात्र जुन्या पाण्याला बेतून तयार झालेलं असतं. वाढीव पाणी आलं की तो स्वतःचेच काठ खाऊ लागतो. मग खालच्या शेतात येणारी माती तुमची नसेल, ओढ्याची असेल, पण ती येणार तुमच्यामुळेच.

म्हणून कायमचं तळं हवं. त्याचं तोंड असं बारीक ठेवायचं की मोठ्या सरीतही बाहेर पडणारं पाणी जुन्या २०० लिटरच्या आतच राहील.

पाणलोट_काका:
ताई, तळ्याच्याही आधी वर बघा. माळावरून किती पाणी तुमच्या जागेत उतरतं? ते पाणी स्वच्छ असतं, तुमच्या उघड्या मातीवरून गेलं की घाण होतं. माळाच्या कडेने एक चर काढा, खोदलेली माती चराच्या खालच्या बाजूला बांधासारखी दाबून बसवा, आणि ते पाणी साईटला वळसा घालून दगडी पिचिंगवरून, म्हणजे दगड बसवलेल्या उतारावरून, ओढ्याकडे सोडा. दोन दिवसांचं काम आहे. मग तुम्हाला फक्त तुमच्या ४ हेक्टरांवर पडलेल्या पावसाला तोंड द्यावं लागेल.

पाणलोटाच्या कामात आम्ही एकच घोकत आलो: धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरायला लावा. साईटवर तिसऱ्या पायरीला जपून हात घाला, कारण इमारतीच्या पायाशेजारी पाणी जिरवलं तर भराव बसतो. पहिल्या दोन पायऱ्या मात्र जशाच्या तशा लागू.

निळा_ताडपत्री:
कापडाबद्दल लिहिते, कारण नव्वद टक्के ठिकाणी ते चुकीचं लावलेलं असतं. ते कापड माती गाळत नाही. त्याच्यामागे पाणी तुंबतं आणि तुंबलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो, एवढंच त्याचं काम. त्यामुळे:

खालची कड किमान १५ सेंटीमीटर चरात पुरून वर माती ठोकायला हवी. तुमचं कापड बहुतेक नुसतं खांबांना बांधलेलं असणार, पाणी खालून पसार.

ते समपातळीत लागायला हवं आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवलेली हवीत, नाहीतर पाणी कापडाच्या कडेकडेने धावतं आणि शेवटी एकाच जागी कोसळतं.

३० मीटर कापडामागे पाव एकरापेक्षा, म्हणजे सुमारे ०.१ हेक्टरपेक्षा जास्त जागेचं पाणी सोडू नये. तुमच्या ४ हेक्टरांचं पाणी एका कोपऱ्यातल्या कापडाने झेलायचं ठरलं असेल तर त्या कापडाचा काही दोष नाही. चरात किंवा नाल्यात ते आडवं लावूच नका, तिथे दगडांचे छोटे बांध लागतात.

चढउतार:
@निळा_ताडपत्री, अगदी तसंच आहे. खाली पुरलेलं नव्हतं. आणि हो, सगळं पाणी त्याच एका कोपऱ्यात जातं.

@काका, माळाकडे आज चालत जाऊन आले. वरून एक जुनी पायवाट खाली येते, तिचाच ओहोळ झाला आहे आणि तो थेट आमच्या भरावाच्या माथ्यावर सुटतो. गुडघाभर घळ बरोबर त्याच्याच खाली आहे. हे मला आधी दिसायला हवं होतं.

पाणलोट_काका:
आता दिसलं ना, झालं तर मग. चराला उतार हलका ठेवा, शेकडा एकच्या आसपास. उतार चौपट केला तर पाण्याचा वेग दुप्पट होतो, आणि वेग दुप्पट झाला की ते पाणी ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतं.

ओलेपाय:
६४ पट!! गेल्या वर्षी साईटवर माझा एक गमबूट वाहून गेला होता, आज त्याला न्याय मिळाला.

मुरूममाती:
रात्री लिहितो म्हणालो होतो, उशीर झाला.

तळं किती मोठं? अमेरिकेतल्या बांधकाम परवान्यांमध्ये एकरी ३,६०० घनफूट असं एक प्रमाण वापरतात, म्हणजे हेक्टरी सुमारे २५० घनमीटर. तुमच्यासाठी १,००० घनमीटर धरा. लांबी रुंदीच्या निदान दुप्पट हवी. पाणी एका टोकाने आत येऊ द्या, दुसऱ्या टोकाने बाहेर. मी अशी तळी पाहिली आहेत जिथे आत येणारा पाइप आणि बाहेर जाणारा पाइप हाकेच्या अंतरावर नाही, हाताच्या अंतरावर होते. पाणी आलं तसं गेलं, उरलेलं तळं कोरडं.

पाणी तळातून काढू नका. सगळ्यात स्वच्छ पाणी वरच्या थरात असतं, म्हणून तरंगणाऱ्या तोंडाचा पाइप लावा, त्याला स्किमर म्हणतात. आणि तळ्याचा सांडवा मूळ जमिनीतून काढा, भरावावरून नको.

रुजवण:
सगळे तळ्याच्या मागे लागलेत म्हणून उलट बाजू मांडते. तळं म्हणजे चूक झाल्यावरचा उपाय. मातीचा कण एकदा सुटला की त्याला पकडणं फार कठीण.

५ मिमीचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर आदळला की कण ६० सेंटीमीटरपर्यंत वर उडतात. भरावाशेजारच्या भिंतीवर किंवा खांबावर गुडघ्याच्या उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे दिसतील, जाऊन बघा. धूप तिथे सुरू होते, घळी नंतर पडतात. जमिनीवर पेंढा अंथरला तर तो मार पेंढ्यावर बसतो. हेक्टरी ४ ते ५ टन पेंढा, जमीन जेमतेम झाकेल इतका, आणि वर दोरीची किंवा काथ्याची जाळी. खाली लवकर उगवणारं गवत पेरा.

आणि मुळात ४ हेक्टर एकदम का उघडले? एक गोदाम उभं राहीपर्यंत बाकीच्या जागेवरचं गवत राहू देता आलं असतं. झालं ते झालं, पण पुढचे दोन आठवडे जिथे यंत्र जाणार नाही ती प्रत्येक जागा या आठवड्यात झाका.

मुरूममाती:
@रुजवण, पटतं. पण तीन आठवड्यांत गवत जमिनीला धरणार नाही, आणि पार्किंगच्या पट्ट्यात रोज डंपर फिरणार आहेत. तिथे पेंढा टिकायचा नाही. तळं लागणारच.

रुजवण:
पेंढा गवतासाठी नाहीच, तो पहिल्या दिवसापासून काम करतो. उतार झाका आणि डंपरचा पट्टा तळ्याकडे वळवा, असं म्हणू. मग तळ्यात गाळ कमी येईल आणि ते पावसाळाभर पुरेल.

स्थिरबिंदू:
वाद मिटवण्याआधी माती कोणती ते कळू द्या. ताई, घळीतली मूठभर माती काचेच्या बरणीत घ्या, पाणी घाला, हलवा आणि ठेवून द्या. स्टोक्सने १८५१ मध्ये बारीक गोळा द्रवात किती वेगाने बुडतो याचं सूत्र दिलं, त्याने येणारे आकडे असे: ०.१ मिमीचा वाळूचा कण एक मीटर पाण्यातून दोन मिनिटांत खाली बसतो. ०.०२ मिमीच्या पोयट्याला पाऊण तास लागतो. ०.००२ मिमीच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून जास्त, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. तुमच्या तळ्यात पाणी किती तास थांबेल, त्यावर काय अडेल आणि काय निसटेल ते ठरतं.

जाता जाता एक गंमत. ठोकताळा यांनी दिलेली पद्धत मुलव्हेनीने १८५१ मध्येच मांडली, चरातल्या वेगाचं मॅनिंगचं सूत्र १८८९ चं. मुलव्हेनी आणि मॅनिंग दोघे आयर्लंडमध्ये काम करणारे इंजिनिअर आणि स्टोक्सचा जन्मही तिथलाच. पावसाळी देशाने जगाला पावसाचं गणित दिलं, हे मला फार आवडतं.

ठोकताळा:
व्वा! तारखा जुळतात हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

चढउतार:
बरणी केली. पाच मिनिटांत तळाशी बोटभर जाड वाळू. तासाभराने त्यावर मऊ थर. वरचं पाणी मात्र काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत लालच आहे, बरणीमागे धरलेलं बोट दिसत नाही. खिडकीत ठेवली आहे, येता-जाता बघते आणि धास्तावते.

सांडवा:
ताई, मग अजून एक चाचणी करा, कारण मी यात पोळलो आहे.

आम्ही असंच घाईत तळं केलं. साईटचीच माती, एक मीटर उंच बांध, त्यातून बाहेर जाणारा पाइप. पाइपच्या कुशीत माती नीट ठोकलीच नाही, वरून रोलर फिरवला आणि समाधान मानलं. तिसऱ्या रात्री मोठा पाऊस झाला. सकाळी गेलो तर बांध वरून शाबूत, सांडव्यावरून पाणी गेल्याची खूणही नाही, आणि तळं मोकळं. पाइपच्या शेजारून डोकं आत जाईल एवढं भोक पडलं होतं. पाण्याने बांध आतून पोखरला होता. सगळा गाळ एका रात्रीत ओढ्यात, रोज थोडा गेला असता त्यापेक्षा वाईट. त्याची सल अजून आहे.

नंतर कळलं की ती माती पाण्यात आपोआप विरघळल्यासारखी सुटणारी होती. एमर्सनने १९६७ मध्ये अशा मातीचं वर्गीकरण केलं. चाचणी घरीही होते: नखाएवढं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. ढेकूळ नुसतं ढासळलं तर ठीक. त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला तर ती माती बांधाला वापरू नका, किंवा जिप्सम मिसळून वापरा. अशा मातीच्या कणांवर सोडियम जास्त असतो, जिप्सममधला कॅल्शियम त्याची जागा घेतो आणि कण पुन्हा एकमेकांना धरतात.

चढउतार:
ढग आला. फिकट आहे, पण आहे.

सांडवा:
मग बांधाला दुसरीकडचा मुरूम आणा. पाइपच्या दोन्ही कुशींना हाताने ठोका, १०-१५ सेंटीमीटरचे थर. तिथे घाई करू नका, हात जोडून सांगतो.

स्थिरबिंदू:
आणि बरणीतल्या पाण्यात चिमूटभर जिप्सम टाकून बघा. निवळलं तर तळ्यातही चालेल. पॉलिमर, म्हणजे गाळाचे कण एकत्र आणून खाली बसवणारं रसायन, वापरायचा झाला तर ऋणभाराचाच, मोजून, आणि पाणी तळ्यात शिरतं तिथे. धनभाराचे पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटतात, ओढा शेजारी असताना नकोच.

खडीक्रशर:
एक कोणीच लिहिलं नाही. गेटवर खडी टाका. ५ ते ८ सेंटीमीटरचे दगड, १५ सेंटीमीटर जाड, निदान १५ मीटर लांब पट्टा, खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे खडी मातीत रुतू न देणारं कापड. डंपरच्या चाकातला चिखल तिथेच झडतो. रस्त्यावर आलेला चिखल पहिल्या सरीत रस्त्याच्या गटारातून ओढ्यातच जातो, तुमच्या तळ्याला बगल देऊन.

आणि भरावावर डोझर फिरवताना चालकाला वर-खाली चालवायला सांगा, आडवा नको. ऐकायला उलटं वाटतं. पण पट्ट्याच्या दात्यांचे ठसे चालण्याच्या दिशेला आडवे उमटतात. डोझर वर-खाली गेला की उतारावर आडव्या शेकडो लहान पायऱ्या तयार होतात आणि प्रत्येकीत थोडं पाणी व बी अडकतं. आडवा चालवला तर तेच ठसे उभ्या पन्हाळी होतात.

ओलेपाय:
हे वाचून आमच्या साईटवर जाऊन पाहिलं. सगळे ठसे उभे. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

जिरवणी:
धागा छान चालला आहे, फक्त "तळं आधी" याला एक पुस्ती. ताई, डिझाइनमधलं तळं पाणी जिरवायचं आहे की नुसतं धरून ठेवायचं? जिरवायचं असेल तर आत्ता शेवटच्या पातळीपर्यंत खणू नका. तळ निदान अर्धा मीटर वर ठेवा. बांधकामातला चिकण गाळ तळावर बसला की छिद्रं बुजतात आणि मग ते तळं कधीच जिरवत नाही. काम संपल्यावर गाळासकट तो अर्धा मीटर काढून टाकायचा. पाणी झिरपणारे पेव्हर पार्किंगमध्ये असतील तर तेही सगळ्यात शेवटी.

चढउतार:
पाणी धरून ठेवायचंच आहे. पण दुकानांपुढच्या पट्ट्यात झिरपणारे पेव्हर आहेत आणि ते पुढच्या महिन्यात लागणार होते! थांबवते. धन्यवाद.

चढउतार:
पाच आठवड्यांनी परत आले. पाऊस लागून पंधरा दिवस झाले.

माळाच्या कडेचा चर सर्वांत आधी केला. त्यात दगडांचे बांध घातले, मधला भाग कडांपेक्षा १५ सेंटीमीटर खाली, म्हणजे पाणी मधूनच जातं आणि काठ कापत नाही. वरचं पाणी आता खरंच स्वच्छ खाली येतं. तळं झालं, मुरूम बाहेरून आणला, पाइपच्या कुशी मी स्वतः उभं राहून ठोकून घेतल्या. भरावाच्या माथ्यावर बुटका बांध आणि तिथून खाली पाइप. उतारांवर पेंढा आणि जाळी.

चुकलं कुठे, तेही सांगते. डंपरला जायला माथ्यावरच्या बांधात एक फट ठेवली होती. संध्याकाळी ती बुजवायची ठरलं होतं, एका संध्याकाळी राहिली. सकाळी बरोबर त्या फटीखाली नवी घळ, पेंढा जाळीसकट खाली. बाकी सगळा उतार जसाच्या तसा. एवढ्या तीन पावलांच्या फटीने.

ओढा सरीनंतर अजूनही गढूळ होतो, पण संध्याकाळपर्यंत निवळतो आणि तळाचे दगड दिसतात. ते शेतकरी परवा पुन्हा आले होते. मी आधीच घाबरले. ते म्हणाले, जाळी आठवड्यातून एकदाच धुतो आता. तळ्याचं तोंड बघायचं होतं त्यांना, दाखवलं.

ठेकेदाराला ठोकताळा यांचा हिशोब कागदावर करून दाखवला. त्याने २०० आणि ५७० हे आकडे दोनदा वाचले आणि विचारलं, मग दुसऱ्या साईटवर तळं केवढं हवं?

आता प्रश्न, तळ्यात गाळ किती साठला की काढायचा? आणि काढलेला कुठे टाकायचा?

ठोकताळा:
ठेकेदाराचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. त्याच्या साईटचं क्षेत्र आणि उतार इथे टाका, हिशोब करून देतो.

मुरूममाती:
गाळासाठी ठेवलेली खोली अर्धी भरली की काढा. आत्ताच तळ्याच्या मधोमध एक खांब रोवा आणि त्या उंचीवर लाल पट्टा रंगवा, म्हणजे अंदाज बांधावा लागणार नाही. काठावरून दिसेल.

रुजवण:
काढलेला गाळ तळ्याच्या चढाकडे ढीग करून ठेवू नका, पुढच्या सरीत परत आत येतो. माळाच्या चराच्या खालच्या बाजूला, सपाट जागी पातळ पसरवा, वाळला की पेंढा टाका आणि पेरा. आणि ती फट आज संध्याकाळी बुजवली का?

चढउतार:
बुजवली. फोटो काढायला गेले तेव्हा पाऊस सुरू झाला होता, म्हणून तिथेच अर्धा तास उभी राहिले. पाइपातून पाणी येत होतं, उतारावर एकही रेघ नव्हती. खांब उद्या रोवते.